‘खत’ : एका लघुशब्दाचा द्विविध इतिहास
(मराठवाड्यातील कृषिजीवनाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

एकाच उच्चाराचा शब्द दोन भाषांत अगदी भिन्न अर्थाने नांदत असल्याची उदाहरणे जगभर आढळतात. इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेटवस्तू, तर जर्मन भाषेत त्याच उच्चाराचा शब्द विषाचा वाचक आहे. मराठीत चौथा हिस्सा दाखविणारा ‘पाव’ संस्कृत ‘पाद’ या शब्दापासून आला, तर भट्टीतून निघणारा ‘पाव’ पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरला. अशा शब्दांची दखल बहुधा भाषेतील गंमत म्हणून घेतली जाते. परंतु काही शब्द असे असतात की, त्यांच्या दोन अर्थांमधील अंतर हे केवळ दोन भाषांमधील अंतर नसते. ते समाजातील दोन स्थानांमधील अंतर असते. मराठीतील ‘खत’ हा दोन अक्षरी शब्द या प्रकारात मोडतो.

वडवणी हा बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या पायथ्याचा तालुका. बीड-परळी मार्गावरील या परिसरातील शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘खत’ हा शब्द दोन प्रसंगी येतो. मृगाआधी शेतात टाकायचे ते खत, आणि जमीन विकताना किंवा गहाण ठेवताना करून द्यायचे तेही खत. पहिले जमिनीत जाते, दुसऱ्यामुळे जमीन जाते. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील राज्यकारभाराच्या उर्दू भाषेत ‘ख़त’ म्हणजे पत्र किंवा लेखन, आणि शेतातल्या खताला शब्द होता ‘खाद’. म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच काळात, गावच्या शिवारात आणि सरकारी कचेरीत हा शब्द वेगवेगळ्या अर्थाने वावरत होता. या अर्थभेदाच्या आधारे दख्खनमधील शेतकरी, सावकार आणि दप्तर यांच्या परस्परसंबंधांचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. शब्दाची दोन कुळे

शेतीतील ‘खत’ या शब्दाचा संबंध संस्कृत ‘खात’, म्हणजे खणलेले, खड्डा, या शब्दाशी जोडला जातो. मराठीत ‘खात’ हे रूपही याच अर्थाने वापरात होते आणि ‘खातेरे’ या शब्दात ते अजून टिकून आहे. खड्ड्यात साठवून कुजविलेले ते खत, अशी ही अर्थाची वाटचाल आहे. वस्तूला तिच्या जागेवरून नाव मिळाले. गावाबाहेरील उकिरडा, त्यात वर्षभर पडणारे शेण, राख, केरकचरा, जनावरांच्या पायाखालचा ओला चारा हे सर्व या शब्दाच्या पोटात आहे. शेणखत, लेंडीखत, सोनखत ही त्याची उपनामे. जुन्या दप्तरात गावाचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग केलेले असत. काळी म्हणजे लागवडीची जमीन, पांढरी म्हणजे वस्ती. या परिभाषेत सांगायचे तर खत ही पांढरीने काळीला केलेली परतफेड होय.

दुसरे ‘खत’ अरबीतून फारसीत व फारसीतून मराठीत आले. अरबी ‘ख़त’ या शब्दाचा मूळ अर्थ रेघ असा आहे. रेघेवरून अक्षर, अक्षरावरून हस्ताक्षर व लिपी, आणि त्यावरून लिहिलेला कागद असा हा अर्थविस्तार आहे. उर्दूत यांतील बहुतेक अर्थ जिवंत आहेत. ‘ख़त’ म्हणजे पत्र, ‘ख़तो-किताबत’ म्हणजे पत्रव्यवहार, ‘दस्तख़त’ म्हणजे हाताचे अक्षर, अर्थात सही. त्याच धातूपासून झालेला ‘ख़ित्ता’ हा शब्द आखलेल्या भूभागाचा, प्रदेशाचा वाचक आहे. मराठीने मात्र या विस्तारातून एकच अर्थ उचलला, तो म्हणजे देण्याघेण्याचा बंधनकारक कागद. पत्राला मराठीत ‘पत्र’ हा शब्द होताच. त्यामुळे ज्या शब्दात उर्दू भाषकाला प्रियजनांचे क्षेमकुशल ऐकू येते, त्याच शब्दात मराठी शेतकऱ्याला कर्ज आणि गहाण ऐकू येते. शब्द उसना घेताना भाषा त्याचे सर्व अर्थ घेत नाही. ज्या प्रसंगी तो शब्द कानावर पडला, त्या प्रसंगाचा अर्थ घेते. दख्खनच्या रयतेची आणि फारसी लेखनाची गाठ प्रेमपत्रात पडली नाही. ती सारा, वतन आणि कर्ज यांच्या कागदांत पडली.

दोन्ही शब्द एका रूपात आले तरी मराठी बोलणाराची कधी गफलत होत नाही, कारण त्यांची क्रियापदे वेगळी आहेत. शेतातले खत टाकतात, घालतात, कुजवितात, पांगवितात. कागदाचे खत करून देतात, लिहून घेतात, नोंदवितात, फाडतात. पहिल्या क्रियांमध्ये शेतकरी कर्ता आहे. दुसऱ्या क्रियांमध्येही व्याकरणाने तोच कर्ता आहे. दस्तऐवजात जमीन देणाऱ्याचा उल्लेख ‘लिहून देणार’ असा, तर घेणाऱ्याचा ‘लिहून घेणार’ असा होतो, आणि आजच्या खरेदीखतांतही ही परिभाषा कायम आहे. वस्तुतः ज्याला अक्षरओळख नव्हती, तोच कागदावर ‘लिहून देणार’ ठरत असे. व्याकरण आणि वास्तव यांच्यातील ही विसंगती या शब्दाच्या सामाजिक इतिहासाचा गाभा आहे.

२. दप्तरातील ‘खत’ आणि नांगराची निशाणी

बहमनी राज्याच्या स्थापनेपासून (१३४७) दख्खनच्या राज्यकारभारात फारसी शब्दांचा शिरकाव वाढत गेला. निजामशाही, मोगल आणि १७२४ पासून आसफजाही अशा सत्ता बदलल्या, तरी दप्तराची शब्दसंपत्ती बव्हंशी तीच राहिली. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने तेराशेहून अधिक यावनी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले. त्याने राज्यकारभाराच्या भाषेला वेगळे वळण मिळाले, हे खरे. पण गावगाड्यातील देवघेवीचे शब्द त्यामुळे फारसे बदलले नाहीत. पुढे माधवराव पटवर्धन यांनी १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला, तेव्हा मराठीत मुरलेल्या अशा शब्दांचा आवाका अभ्यासकांसमोर आला. मौलवी अब्दुल हक यांनीही औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील वास्तव्यात मराठीवरील फारसीच्या प्रभावावर उर्दूत ग्रंथ लिहिला. एका भाषेच्या दोन बाजूंनी झालेले हे काम मराठवाड्याच्या भाषिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

मराठेशाहीतील कागदपत्रांत निरक्षर माणसाची सही त्याच्या व्यवसायाच्या चिन्हाने होत असे. पाटील व कुणबी यांच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असे लिहून नांगराची आकृती काढलेली आढळते. ही पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. अक्षरांच्या रेघांनी भरलेल्या कागदावर शेतकऱ्याची ओळख सांगणारी खूण जमिनीवर रेघ ओढणाऱ्या अवजाराची होती. महजर, वतनपत्र, निवाडा यांवर ही निशाणी करताना बहुधा गोत हजर असे. कागद वाचून दाखविला जाई आणि त्याचा मजकूर अनेकांच्या स्मरणात राही. कागद वाचता आला नाही, तरी कागदाचा साक्षीदार गाव होता.

एकोणिसाव्या शतकात ही स्थिती पालटली. जमीन वैयक्तिक खातेदाराच्या नावे नोंदविली जाऊ लागली, ती विकता येऊ लागली आणि कर्जाला तारण म्हणून तिचे मोल वाढले. वाद मिटविण्याचे ठिकाण गोतसभेऐवजी दिवाणी न्यायालय झाले. न्यायालय गावाची आठवण विचारत नव्हते. ते कागद मागत होते. कर्जखताचे सामर्थ्य वाढले ते या बदलामुळे. खत तेच होते, परंतु त्याच्यामागे उभी राहणारी सत्ता बदलली होती.

३. फारखत : न मिळालेला कागद

खताच्या जोडीला आणखी एक शब्द पाहणे क्रमप्राप्त ठरते, तो म्हणजे ‘फारखत’. फारसीतील ‘फ़ारिग़-ख़ती’ म्हणजे देणे फिटल्याचा, मोकळे केल्याचा लेख. कर्ज घेताना खत आणि कर्ज फिटल्यावर फारखत अशी ही जोडी होती. आजच्या मराठीत ‘फारकत’ या रूपात हा शब्द ओळखीचा आहे, परंतु त्याचा अर्थ पतिपत्नींचा विभक्तपणा किंवा सर्वसाधारण ताटातूट असा झाला आहे. कर्जमुक्तीच्या कागदाचा अर्थ व्यवहारातून जवळजवळ नाहीसा झाला. खत शब्दशः टिकले आणि फारखत मात्र दुसऱ्याच क्षेत्रात निघून गेली, हा भाषेतील योगायोग असू शकेल. तथापि, कर्ज फिटल्याचा कागद हाती न येणे ही दख्खनच्या शेतकऱ्याची खरीखुरी तक्रार होती आणि १८७९ च्या कायद्याला तिची दखल घ्यावी लागली, हे पुढे दिसून येईल.

‘राजीनामा’ या शब्दाचा प्रवासही याच प्रकारचा आहे. फारसीत त्याचा अर्थ संमतिपत्र असा होतो, आणि उर्दू न्यायालयीन भाषेत आजही तो तडजोडीचा वाचक आहे. मुंबई इलाख्यातील महसूल पद्धतीत मात्र जमीन सोडणारा खातेदार ‘राजीनामा’ देई आणि नवा खातेदार ‘कबुलायत’ देई. त्यामुळे मराठीत राजीनामा म्हणजे हक्क सोडणे आणि पुढे पद सोडणे असा अर्थ रूढ झाला. मूळ शब्दातील ‘राजी’ मागे पडले आणि सोडणे तेवढे उरले. खत, फारखत आणि राजीनामा या तीनही शब्दांच्या मराठीतील अर्थांवर जमीन आणि तिचे हस्तांतरण यांची छाप आहे.

४. खतांची होळी : १८७५

दख्खनचे दंगे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उठावाचा आरंभ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे झाला. पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अनेक गावांत तो पसरला. या उठावाची पार्श्वभूमी सुपरिचित आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) कापसाला चढा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपताच भाव कोसळले, पत आटली आणि त्यातच साऱ्याची फेरआकारणी आली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली होती. ऋणकोच्या संरक्षणासाठी केलेल्या या तरतुदीचा परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याची पद्धत पडली. त्यामुळे एकाच कर्जाची खते वाढत गेली आणि प्रत्येक नव्या खतात आकडा फुगत गेला.

या उठावाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे लक्ष्य माणूस किंवा धान्य यांपेक्षा कागद हे होते. शेतकऱ्यांनी सावकारांकडे खते मागितली, ती मिळाली तेथे जाळली आणि बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर समाधान मानले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानेही कर्जरोख्यांचा नाश हाच उठावाचा मुख्य हेतू असल्याचे नमूद केले. निरक्षर माणसे अक्षरांवर धावून गेली, असा या घटनेचा सोपा अर्थ लावला जातो. परंतु तो अपुरा आहे. शेतकऱ्यांना कोणता कागद जाळायचा, हे ठाऊक होते. त्यांचा राग लेखनावर नव्हता. ज्या लेखनाची दुसरी प्रत आपल्यापाशी नाही आणि ज्याचा मजकूर आपल्याला पडताळता येत नाही, त्या लेखनावर होता.

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा या दृष्टीने वाचला, तर त्यात या रागाचे अचूक निदान आढळते. शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावे, परतफेडीची पावती मिळावी, दरवर्षी हिशेबाचा उतारा मिळावा, खातेपुस्तिका मिळावी अशा तरतुदी त्यात होत्या. याहून महत्त्वाची तरतूद म्हणजे, खतावरील आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. कागदाच्या मागे जाऊन घडलेले काय ते पाहणे हे इतिहासकाराचे काम या कायद्याने न्यायाधीशाकडे सोपविले.

५. मोगलाईतील स्थिती

हा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. अहमदनगर जिल्ह्याच्या सरहद्दीला लागून असलेला बीड जिल्हा निजामाच्या अंमलाखाली, म्हणजे लोकभाषेत ‘मोगलाईत’ होता. जमीन एका पोताची, पिके एका जातीची, बोली एकच. पण सरहद्दीच्या अलीकडे हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क आणि पलीकडे तो नाही, अशी स्थिती निर्माण झाली. हैदराबाद संस्थानात सावकारी व्यवहारांचे नियमन करणारा आणि शेतजमिनीच्या हस्तांतरणास आळा घालणारा असे दोन कायदे झाले ते १३४९ फसली साली, म्हणजे इ. स. १९३९-४० मध्ये. दोन्ही मुलखांतील शेतकऱ्यांच्या कायदेशीर संरक्षणात सुमारे साठ वर्षांचे अंतर पडले. मराठवाड्यातील जमीनमालकीच्या इतिहासाचा विचार करताना हे अंतर नजरेआड करता येत नाही.

या अंतरात भाषेची भर पडली. हैदराबादच्या कारभारात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठरले. भारतीय भाषेतून आधुनिक ज्ञान देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, हे मान्य करावेच लागेल. परंतु मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या दृष्टीने कचेरीची भाषा परकीच राहिली. सर्वसाधारणपणे गावातील कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत असे, तर तालुका व जिल्हा पातळीवरील कारभार उर्दूत चाले. उर्दूचे घाईचे कचेरी वळण ‘शिकस्ता’, म्हणजे मोडलेले, या नावाने ओळखले जाते. ‘मोडी’ हे नावही ‘मोडणे’ या धातूशी जोडले जाते. एका मोडक्या वळणातून दुसऱ्या मोडक्या वळणात जाणारी आपली जमीन शेतकऱ्याला दोन्हीकडे वाचता येत नव्हती. शिवारातील अर्थ त्याच्या हातात होता, कचेरीतील अर्थ दुसऱ्याच्या.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाचे भारतात विलीनीकरण झाले. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने संरक्षित कुळाचा हक्क मान्य केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. कारभार मराठीत होऊ लागला. भाषाशुद्धीच्या प्रेरणेने आणि शासकीय परिभाषा-निर्मितीमुळे अनेक फारसी शब्दांना पर्याय मिळाले. ‘खत’ मात्र टिकले, आणि ते कोठे टिकले हे पाहणे उद्बोधक आहे. बक्षीसपत्र, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र या दस्तांच्या नावांत ‘पत्र’ आहे. खरेदीखत, गहाणखत, साठेखत यांत ‘खत’ आहे. हा काटेकोर नियम नव्हे. परंतु नात्यातून किंवा इच्छेने जमीन जाते तेथे बहुधा संस्कृत ‘पत्र’ आणि पैशाच्या मोबदल्यात जमीन जाते तेथे ‘खत’, अशी विभागणी व्यवहारात पडलेली दिसते. शब्दकोशाने न सांगितलेला हा भेद लोकव्यवहाराने सांभाळला आहे.

६. दोन खतांची गाठ

आतापर्यंतच्या विवेचनात दोन्ही खते स्वतंत्र चालत आली. अर्थात त्यांचा एकमेकांवर परिणाम होत नव्हता असे नाही. जी जमीन गहाण पडली आहे आणि उद्या आपली राहील याची शाश्वती नाही, तिच्यात शेणखताच्या गाड्या कोण ओतील? खताचा गुण एका हंगामात संपत नाही, तो पुढील दोन-तीन पिकांना मिळतो. म्हणून खत टाकणे हा भविष्यावरील विश्वास आहे, आणि गहाणखत नेमका तोच विश्वास काढून घेते. हॅरल्ड मान यांनी पुणे जिल्ह्यातील पिंपळे सौदागर (१९१७) व जातेगाव बुद्रुक (१९२१) या गावांचे जे अभ्यास प्रसिद्ध केले, त्यांत जमिनीचे तुकडे आणि कर्ज यांचा शेतीवर पडणारा भार तपशिलाने नोंदविला आहे. दुष्काळी दख्खनमध्ये कर्जाचा कागद जमिनीच्या कसापर्यंत पोहोचत होता.

तरीही एक मूलभूत भेद कायम होता. शेतातले खत विकत घ्यावे लागत नव्हते. ते गोठ्यातून, उकिरड्यातून किंवा धनगरांची मेंढरे शेतात बसवून मिळत असे. मेंढरांच्या बदल्यात धान्य द्यावे लागे, पण त्यासाठी कागद करावा लागत नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा भेद पुसला गेला. १९५१ मध्ये सिंद्री येथील कारखान्यात रासायनिक खताचे उत्पादन सुरू झाले, १९६५ मध्ये तुर्भे येथील कारखाना उभा राहिला. सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण १९६४ मध्ये, एच-४ हा संकरित कापूस १९७० मध्ये आणि बीटी कापूस २००२ मध्ये आला. या वाणांनी उत्पादन वाढविले, हे निर्विवाद आहे. परंतु ती खताला प्रतिसाद देणारी वाणे होती, आणि ते खत गोणीत होते. ‘खत’ हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर उकिरड्याऐवजी गोणी उभी राहू लागली. जुन्या खताला ‘शेणखत’ किंवा ‘सेंद्रिय खत’ असे विशेषण लावणे भाग पडले. खड्ड्याचा अर्थ शब्दातून निघून गेला आणि त्याबरोबर खताचे फुकटपणही.

पेरणीच्या तोंडावर गोणी उधारीवर आणायची, त्यासाठी पीककर्ज किंवा खासगी कर्ज काढायचे आणि पाऊस हुकल्यास त्या कर्जापोटी पुन्हा जमिनीचा कागद करायचा, या क्रमाने शेतातले खत हेच कागदी खताचे कारण बनले. सातशे वर्षे एका रूपात राहूनही ज्या दोन शब्दांची गाठ पडली नव्हती, ती गेल्या साठ वर्षांत पडली.

वडवणी परिसरात या गाठीला आणखी एक पीळ आहे. वडवणीसह बीड जिल्ह्यातील अनेक तालुक्यांतून हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली ‘उचल’ हा त्या स्थलांतराचा पाया आहे. तिचे स्वरूप करारपत्राचे असो वा तोंडी बोलीचे, कार्याच्या दृष्टीने ते कर्जखतच होय. बैलगाडीवाल्या कुटुंबाबरोबर बैलही जातात, आणि चार-सहा महिन्यांचे शेण कारखान्याच्या तळावर पडते. घरच्या जमिनीचे खत दुसऱ्या जिल्ह्यात राहते. कागदाचे खत शेताचे खत घेऊन जाते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

कायद्याने या प्रश्नाकडे पुन्हा पाहिले आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये अवैध सावकारीच्या व्यवहारातून जमीन बळकावली असल्यास, खरेदीखत नोंदणीकृत असले तरी त्याच्या मागील व्यवहार तपासून ते अवैध ठरविण्याचा व जमीन परत करण्याचा आदेश देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास आहे. खतावर ‘खरेदी’ असे लिहिले असले तरी ते वस्तुतः कर्जाचे तारण असू शकते, हे १८७९ चे तत्त्व येथे नव्या रूपात अवतरले आहे. असा अर्ज करणाऱ्याला मात्र व्यवहाराचा इतिहास मांडावा लागतो. त्यासाठी पावती, साक्षीदार, जुना उतारा लागतो. खत एका बाजूला आणि आठवण दुसऱ्या बाजूला, हा १८७५ चा पेच अद्याप पुरता सुटलेला नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, मराठीतील ‘खत’ हे एक नाव नसून दोन स्वतंत्र कुळांच्या शब्दांचे एकरूप आहे. एकाचे मूळ खड्ड्यात, दुसऱ्याचे रेघेत. दुसरा असा की, अरबी-फारसी ‘ख़त’ या शब्दाचा मराठीत झालेला अर्थसंकोच हा दख्खनच्या शेतकऱ्याचा लेखनसत्तेशी कोणत्या परिस्थितीत संबंध आला, याचा पुरावा आहे. तिसरा असा की, मराठवाड्यात या शब्दाभोवती मराठी, उर्दू आणि मोडी यांचे जे तिहेरी वर्तुळ होते, त्यात शेतकऱ्याला जमिनीचे ज्ञान होते, पण जमिनीच्या कागदाचे नव्हते. चौथा असा की, रासायनिक खत आणि ऊसतोडणीची उचल यांच्यामुळे दोन्ही अर्थ आज एकाच कुटुंबाच्या जमाखर्चात एकत्र आले आहेत.

या निष्कर्षांना एक व्यावहारिक बाजूही आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामानिमित्त मराठवाड्यातील निजामकालीन उर्दू व मोडी दप्तरे मोठ्या प्रमाणावर उघडली गेली. त्या वेळी ही दप्तरे वाचू शकणाऱ्यांची वानवा प्रकर्षाने जाणवली. समितीचा विषय जातीच्या नोंदींचा होता. परंतु त्याच बासनांच्या जोडीला असंख्य घरांच्या पेट्यांत आणि माळ्यांवर खते, कबुलायती आणि क्वचित एखादी फारखतही पडून आहे. कागद विरत चालले आहेत आणि वाचणारे कमी होत आहेत. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, मराठी, उर्दू व अर्थशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन तालुकानिहाय संकलन, छायाचित्रण व लिप्यंतर हाती घेतल्यास दख्खनच्या कर्जबाजारीपणाचा इतिहास आयोगांच्या अहवालांपलीकडे जाऊन, लिहून देणाऱ्यांच्या बाजूने लिहिता येईल. ज्या खतांवर नांगराची निशाणी आहे, ती वाचली जाण्याची वाट पाहत आहेत. त्यांचा वारसदार आज साक्षर आहे. मात्र त्या कागदाची लिपी त्याला अजूनही परकी आहे.